जुना संगणक, नवा कपॅसिटर

ॲपलचा मॅकिंतॉश एसई/३० जानेवारी १९८९मध्ये बाजारात आला. नऊ इंची काळा-पांढरा पडदा, १६ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला ६८०३० प्रोसेसर आणि एका हाताने उचलता येईल असा ठोकळा. त्या घडणीच्या काळ्या-पांढऱ्या मॅकमधला हा सर्वांत ताकदवान, म्हणून संग्राहकांत त्याला अजून मागणी आहे. असा एखादा एसई/३० माळ्यावरून खाली काढून चालू केला, तर पुष्कळदा पडद्यावर तो ओळखीचा हसरा चेहरा उमटतच नाही. पट्ट्यापट्ट्यांची नक्षी येते आणि सगळं तिथेच थांबतं. कधी यंत्र चालू होतं, पण सुरुवातीचा सूर कान लावूनही ऐकू येत नाही. विकणारा ‘बोर्ड गेलाय’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात प्रोसेसर आणि मेमरी बहुधा ठणठणीत असतात. दोष असतो तो बोर्डावरच्या सहा-साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांचा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा.

यातल्या बहुतेक डब्यांची क्षमता ४७ मायक्रोफॅरड आणि दाब सोसण्याची मर्यादा १६ व्होल्ट. तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्या बुडातून द्रव झिरपतो, बोर्डावर पसरतो, तांब्याचे बारीक ट्रॅक खातो आणि शेजारच्या चिपच्या पायांखाली जाऊन बसतो. हा द्रव वीज वाहून नेतो, त्यामुळे जिथे जोड नको तिथे जोड तयार होतो. डबे बदलावे लागणार यात वाद नाही. त्यांच्या जागी काय बसवायचं, यावर मात्र जुनी यंत्रं दुरुस्त करणारी माणसं जगभर वर्षानुवर्षं हुज्जत घालत आली आहेत.

वरवर पाहता उत्तर सोपं आहे: सत्तेचाळीस-सोळा काढा, सत्तेचाळीस-सोळा लावा. रेडिओ, ॲम्प्लिफायर, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराने आयुष्यभर हेच केलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते चाललेलंही असतं. पण संगणकाच्या बोर्डावर तोच आकडा चार ठिकाणी चार वेगळी कामं करतो. एके ठिकाणी तो सप्लायची लाट सपाट करतो, दुसरीकडे ध्वनीचा संकेत पुढे पाठवतो, तिसरीकडे यंत्र चालू झाल्यावर रीसेटची वेळ ठरवतो, चौथीकडे रेग्युलेटरला स्थिर ठेवतो. डब्यावर छापलेले दोन आकडे ही निवडीची फक्त सुरुवात. तो भाग त्या जागी काय करतो आणि बिघडला तर कसा बिघडेल, हे कळल्याशिवाय नवा भाग विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आत काय असतं ते आधी पाहू. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद, आणि हे सगळं गुंडाळून केलेलं भेंडोळं. कागद इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवाने भिजवलेला असतो. धन बाजूच्या पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवलेला असतो, आणि खरा विद्युतरोधक तोच. त्याची जाडी व्होल्टमागे साधारण १.४ नॅनोमीटर. इतका पातळ थर म्हणूनच एवढ्याशा डब्यात इतकी क्षमता मावते. वीज योग्य दिशेने असेल तर थराला पडलेली बारीक भोकं इलेक्ट्रोलाइट स्वतःच बुजवत राहतो. उलट दिशेने दिली तर थर विरघळू लागतो, आत वायू तयार होतो, डबा फुगतो. द्रव सुकला तर क्षमता घटते आणि आतला रोध, ज्याला कामातली माणसं ईएसआर म्हणतात, वाढत जातो. तोंडाशी फक्त रबराचं बूच असतं. सगळं आयुष्य त्या बुचावर अवलंबून.

१९८०च्या दशकाच्या शेवटी भाग बोर्डाच्या भोकांतून न जाता पृष्ठभागावरच चिकटू लागले, डबे बुटके झाले आणि त्यांत नव्या प्रकारचा इलेक्ट्रोलाइट आला. चतुर्थक अमोनियम क्षारांचा हा द्रव कागदावर फार चांगला होता: कमी रोध, थंडीतही काम. पण ऋण टोकापाशी तो अल्कली तयार करतो आणि तिथली सील पोखरतो. म्हणून साधारण १९८७ ते १९९३ या काळातल्या पृष्ठभागी डब्यांचं दुखणं एकसारखं आहे, यंत्र कुणाचंही असो. मॅक क्लासिक, मॅक एलसी, कमोडोरचे अमिगा ६००, १२०० आणि ४०००, सगळ्यांत तेच. यंत्र वापरलं नाही म्हणून ते वाचलं, असंही नाही. खोक्यात बंद ठेवलेलं यंत्रसुद्धा गळतं.

असा बोर्ड भिंगाखाली पाहण्यासारखा असतो. चांगलं सोल्डर चकचकीत दिसतं, गळलेल्या डब्याच्या पायाशी ते राखाडी आणि खरखरीत झालेलं असतं. आजूबाजूला ओलसर तपकिरी झाक, चिपच्या पायांवर हिरवट पूड. त्यावर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री टेकवली की कुजक्या मासळीचा उग्र वास येतो. त्या क्षारांतून सुटणाऱ्या अमाइनचा हा वास आहे आणि गळती झाल्याचा दुसरा पुरावा शोधावा लागत नाही. काम खिडकीपाशी, पंखा लावून करावं. हे बिघडलेलं सोल्डर लवकर वितळत नाही, म्हणून वर ताजं सोल्डर आणि भरपूर फ्लक्स घालून ते आधी नरम करावं लागतं. डबा पकडीत धरून पिळून तोडण्याची पद्धत लोकप्रिय आहे. ती मला मान्य नाही. द्रवाने पॅडखालचा गोंद आधीच ढिला केलेला असतो. पिळणाऱ्याचा हात जरा वाकडा गेला की पॅड ट्रॅकसकट उचलून येतं, आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. गरम हवेने किंवा दोन इस्त्र्यांनी दोन्ही पाय एकदम वितळवून डबा अलगद उचलावा. मग डिस्टिल्ड पाण्याने बोर्ड धुवावा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्यावा. धुतल्याशिवाय नवा कपॅसिटर लावणं व्यर्थ आहे. उरलेला द्रव ट्रॅक खातच राहतो.

आता निवड. पहिला पर्याय पुन्हा ॲल्युमिनियमच्याच डब्याचा. आजचे डबे तेव्हाच्यांपेक्षा निःसंशय चांगले आहेत. घेताना दोन गोष्टी पाहायच्या: तापमान आणि तास. डब्यावर १०५ अंश लिहिलेलं असतं आणि माहितीपत्रकात दोन हजार तास असा काहीतरी आकडा असतो. दोन हजार तास म्हणजे तीनच महिने, असं वाटून माणूस दचकतो. पण ते १०५ अंशांवर सतत चालवल्याचे तास आहेत. दर दहा अंश तापमान उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. आतलं तापमान ४५ अंश असेल तर दुपटीच्या सहा पायऱ्या, म्हणजे चौसष्टपट: १ लाख २८ हजार तास, अखंड चालवलं तरी चौदा वर्षांच्या वर. तेच गणित ८५ अंशांच्या डब्याला लावलं तर चारच पायऱ्या मिळतात आणि ३२ हजार तासांत, पावणेचार वर्षांच्या आतच आयुष्य संपतं. दोघांच्या किमतीतला फरक काही रुपयांचा. पंचाऐंशीचा डबा कुठेच लावू नये. क्षमता शक्यतो तीच ठेवावी. व्होल्टची मर्यादा तेवढीच किंवा जास्त, कमी कधीच नाही.

दुसरा पर्याय टँटलमचा. यात द्रव नसतो, म्हणून गळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि एसई/३०च्या बोर्डावर तो नेटका बसतो. मॅक दुरुस्त करणाऱ्यांत त्याचे चाहते खूप आहेत. पण दोन गोष्टी ठाऊक नसतील तर टँटलमला हात लावू नये. पहिली गोष्ट खुणेची. ॲल्युमिनियमच्या डब्यावरची काळी पट्टी ऋण बाजू दाखवते, तर पृष्ठभागी टँटलमच्या पिवळ्या किंवा काळ्या ठोकळ्यावरची पट्टी धन बाजू दाखवते. जुन्या डब्याची पट्टी जिकडे होती तिकडेच नव्याची पट्टी ठेवली, की तो हमखास उलटा बसला. दुसरी गोष्ट त्याच्या बिघडण्याची. ॲल्युमिनियमचा डबा म्हातारा होऊन हळूहळू कमजोर होतो. टँटलम बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो. त्याच्या आत मँगनीज डायऑक्साइड असतो, तो तापला की ऑक्सिजन सोडतो, आणि मागून भरपूर करंट मिळत असेल तर टँटलम चक्क पेटतो.

या दोन्ही गोष्टी ॲपलच्याच एका यंत्रात एकत्र आल्या आहेत. मॅकिंतॉश एलसी थ्री फेब्रुवारी १९९३मध्ये आला. त्याच्या बोर्डावर सी२२ नावाचा ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा एक डबा उणे पाच व्होल्टच्या वाटेवर आहे. मॉडेम आणि प्रिंटरच्या सीरियल पोर्टला हा उणे दाब लागतो. उणे पाचच्या वाटेवर जमीन, म्हणजे ग्राउंड, ही वरची बाजू ठरते. कपॅसिटरचं धन टोक जमिनीला आणि ऋण टोक उणे पाचला जोडायला हवं. बोर्डावर अधिकचं चिन्ह नेमकं उलट बाजूला छापलं गेलं, आणि कारखान्यातून प्रत्येक डबा त्या चिन्हाप्रमाणे उलटा लागून आला. सोळा व्होल्टचा ॲल्युमिनियम डबा पाच व्होल्ट उलटे सोसत कसाबसा तग धरून राहिला, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच आली नाही. आज एखादा प्रामाणिक माणूस बोर्डावरचं चिन्ह पाहून तिथे टँटलम लावेल तर तो टँटलम फुटेल. चिन्हाकडे दुर्लक्ष करून डबा फिरवून लावणं हीच इथली योग्य दुरुस्ती. कमोडोरच्या अमिगा ४०००मध्येही ध्वनीच्या भागातल्या दोन कपॅसिटरची खूण अशीच उलटी छापली आहे.

अशी चूक ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. डबे काढल्यावर मीटर बीपवर लावायचा, एक टोक जमिनीला आणि दुसरं प्रत्येक पॅडला. जमिनीला जोडलेलं पॅड सापडलं, की दुसरं पॅड कोणत्या दाबावर आहे ते शोधायचं. दाब धन असेल तर ऋण टोक जमिनीकडे, उणे असेल तर धन टोक जमिनीकडे. बोर्डावर काहीही छापलेलं असो. प्रत्येक जागेला अर्धा मिनिट लागतो. हा अर्धा मिनिट वाचवण्यात काहीच हशील नाही.

टँटलमच्या स्वभावाचा खरा धडा मात्र आयबीएमच्या पीसीने दिला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या ५१५० मॉडेलच्या बोर्डावर विस्तार-कार्डांच्या खाचांपाशी १२ व्होल्टच्या वाटेवर १६ व्होल्टचे टँटलम लावले होते. आज टँटलम बनवणारे स्वतःच सांगतात, की सप्लायच्या वाटेवर छापील मर्यादेच्या निम्म्यानेच भाग वापरा. बारा व्होल्टसाठी सोळाचा भाग म्हणजे पाऊण मर्यादा आधीच वापरून झाली. परिणाम असा, की कित्येक वर्षं बंद असलेला पीसी चालू करताच एखादा टँटलम शॉर्ट होतो. कधी धूर निघतो, कधी ठिणगी. बरेचदा तसंही होत नाही. सप्लायला शॉर्ट जाणवतो, तो स्वतःला बंद करून घेतो, पंखा किंचित हलून थांबतो, आणि मालक म्हणतो पॉवर सप्लाय गेला. सप्लाय बदलण्याआधी १२ व्होल्टची वाट आणि जमीन यांच्यातला रोध मोजावा. शून्याजवळ आला तर दोषी बहुधा थेंबाच्या आकाराचा एखादा पाच मिलिमीटरचा टँटलम. तिथे नवा टँटलम लावायचा असेल तर किमान २५ व्होल्टचा, जमलं तर ३५चा. मी स्वतः तिथे १०५ अंशांचा ॲल्युमिनियम डबा पसंत करतो. भोकातून बसणारा हा डबा गळण्याच्या साथीत सापडलेला प्रकार नव्हे, आणि बिघडला तरी आग लावत नाही.

तिसरा पर्याय सिरॅमिकचा. कोरडा, छोटा, दिशेची भानगड नाही, आयुष्य जवळपास अमर्याद. ऐकून कुणालाही मोह होईल. फसगत अशी, की जास्त क्षमतेच्या सिरॅमिकमधली पावडर दाबाखाली आपली क्षमता गमावते. १६ व्होल्ट आणि १० मायक्रोफॅरड छापलेला छोटा एक्स५आर सिरॅमिक बारा व्होल्टवर निम्म्याहून कमी उरू शकतो. मीटरवर मोजताना तो पूर्ण दहा दाखवतो, कारण मीटर त्याला बारा व्होल्ट देतच नाही. म्हणून सिरॅमिक घेताना निर्मात्याचा दाब-क्षमतेचा आलेख पाहावा, आणि तो मिळत नसेल तर हा पर्याय सोडावा. ध्वनीच्या वाटेवर तर तो नकोच. हे सिरॅमिक कंपनाला वीज देतात आणि विजेला कंपन, आणि ती खरखर स्पीकरमधून ऐकू येते.

‘ईएसआर जितका कमी तितकं चांगलं’ ही समजूत आता दुकानात, कार्यशाळेत सगळीकडे पसरली आहे. स्विचिंग सप्लायच्या आउटपुटला कमी ईएसआर हवाच, नाहीतर डबा तापतो आणि लाट दबत नाही. पण एलएम२९४० जातीचा लिनियर रेग्युलेटर घ्या. त्याला आउटपुटवरच्या कपॅसिटरचा रोध एका पट्ट्यातच हवा असतो. फार जास्त चालत नाही, फार कमीही चालत नाही. अशा जागी जवळपास शून्य रोधाचा सिरॅमिक किंवा पॉलिमर, म्हणजे द्रवाऐवजी घन वाहक असलेला कपॅसिटर, लावला की रेग्युलेटर डोलू लागतो. मीटर पाच व्होल्ट दाखवतो, ऑसिलोस्कोपवर मात्र दाब खालीवर होताना दिसतो, आणि संगणक मधूनच गोठतो. जुन्या स्विचिंग सप्लायमध्येही रचनाकाराने फीडबॅकचं गणित त्या काळच्या डब्यांचा रोध धरून केलेलं असतं. तिथे पॅनासॉनिकच्या एफसी किंवा एफआर जातीचा, निचिकॉन, रुबिकॉन, चेमी-कॉन यांचा मध्यम-कमी रोधाचा ओला डबाच लावावा. पॉलिमरची जागा वेगळी आहे: २०००च्या दशकातल्या मदरबोर्डवर, प्रोसेसरशेजारी.

त्या मदरबोर्डची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांनी स्वतः पाहिली आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात तैवानमधल्या काही कारखान्यांच्या डब्यांत पाण्याचं प्रमाण जास्त असलेला सदोष इलेक्ट्रोलाइट गेला. पाणी ॲल्युमिनियमशी भिडलं, हायड्रोजन तयार झाला, डब्यांची डोकी फुगली आणि फाटली. एका जपानी कंपनीचं सूत्र चोरताना त्यातलं महत्त्वाचं रसायन सुटून गेलं, अशी बातमी २००२-०३मध्ये उद्योगाच्या नियतकालिकांत आली होती. डेलने मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेल्या किमान १ कोटी १८ लाख संगणकांना या बिघाडाचा धोका होता, आणि कंपनीला त्यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. आपल्याकडच्या कार्यालयांतले, सायबर कॅफेंतले कित्येक पीसी याच साथीत भंगारात गेले. हे बोर्डही आता जुने झाले आहेत, संग्रहात येऊ लागले आहेत. प्रोसेसरच्या रेग्युलेटरभोवती त्यांत पॉलिमर लावावा. तिथे क्षमतेपेक्षा रोध महत्त्वाचा असल्याने थोड्या कमी क्षमतेचा पॉलिमरही पुरतो आणि पुन्हा सुकत नाही.

मग जुनं यंत्र हाती आलं की सगळेच कपॅसिटर बदलायचे का? तयार संच विकणारे अर्थात हो म्हणतात. मी म्हणतो, यंत्र पाहून ठरवा. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२चा. आपल्या वाचकांतल्या कुणी तो पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सच्या डीबी स्पेक्ट्रमच्या रूपात पाहिला असेल. त्यातले आडवे डबे गळणाऱ्या जातीचे नाहीत. पुष्कळ यंत्रांत ते आजही मोजणीत पास होतात. मात्र या यंत्रातलं एक छोटं सर्किट नऊ व्होल्टपासून उणे पाच आणि बारा व्होल्ट तयार करतं आणि खालच्या १६ किलोबाइटच्या ४११६ मेमरी चिपना पुरवतं. उणे पाच गेलं तर त्या चिप कायमच्या मरतात. त्या सर्किटभोवतीचे डबे मी न मोजता बदलतो, बाकीचे मोजून. याउलट एसई/३० किंवा अमिगा १२०० समोर आला तर मोजणीच्या फंदात पडू नये. तो आज गळत नसला तरी उद्या गळणार. आणि काढलेले भाग फेकू नयेत. छोट्या पिशवीत, जागेचा क्रमांक आणि तारीख लिहून यंत्रासोबत ठेवावेत. पन्नास वर्षांनी कुणी ते यंत्र अभ्यासायला घेतलं तर मूळ भाग कोणते होते, हे त्याला कळायला हवं.

खरेदी हे वेगळं प्रकरण आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दोन्हीकडे काउंटरवरचा संवाद साधारण असा:

‘दादा, हजार-पंचवीस आहेत का? वन-ओ-फाइव्हमध्ये?’

‘आहेत की. किती देऊ?’

‘लो ईएसआर पाहिजेत.’

‘सर, सगळे लोच असतात आता.’

ते तसे नसतात. ब्रँडचं नाव छापलेलं वेष्टण चढवलेला, आत निम्म्या आकाराचं भेंडोळं असलेला डबा मी एका दुकानातून आणून कापून पाहिला आहे. दुकानदाराचाही त्यात दोष असेलच असं नाही, त्यालाही तसाच माल आलेला असतो. म्हणून पृष्ठभागी डबे आणि सप्लायचे डबे अधिकृत वितरकाकडूनच मागवावेत, बिलावर मालिकेचं पूर्ण नाव पाहावं, आणि आल्यावर एलसीआर मीटरवर क्षमता आणि रोध तपासून मगच लावावेत. डब्यावरचा वर्ष-आठवड्याचा आकडाही वाचावा. वापरात न आणलेला ओला कपॅसिटर खूप वर्षं पडून राहिला की ऑक्साइडचा थर पातळ होतो. त्याला रोधातून हळूहळू दाब चढवून पुन्हा तयार करता येतं, पण विकत घेतानाच असा माल का घ्यावा?

बाजारातला सर्वांत घातक बदल मात्र वेगळाच आहे, आणि तो फक्त दोन रुपये वाचवण्यासाठी केला जातो. १९८०च्या दशकातल्या पुष्कळ सप्लायमध्ये, थेट मेन्सवर, रिफा कंपनीचा पिवळसर पारदर्शक ठोकळा असतो. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, बाहेर इपॉक्सी. सप्लायमधून बाहेर जाणारा विद्युत-गोंगाट दाबायचं त्याचं काम. इपॉक्सीला वयानुसार बारीक तडे जातात, आपल्या दमट हवेत कागद ओलावा शोषतो, आणि यंत्र चालू केल्यावर काही मिनिटांनी फट्‌ असा आवाज होऊन खोली काळ्या-पिवळ्या, घसा जाळणाऱ्या धुराने भरते. डिसेंबर १९८१मध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोच्या सप्लायची ही ठरलेली व्याधी आहे. भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात १९८४पासून हेच बीबीसी मायक्रो निवडक शाळांत पोहोचले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवान्यावर ते देशातही जुळवले. काही शाळांच्या कपाटांत ते अजून असतील.

या जागी दुकानदार हमखास ६३० व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर पुढे करतो. ‘सहाशेतीस आहे सर, अडीचशेपेक्षा जास्तच.’ तो ६३० व्होल्ट डीसीचा आहे आणि मेन्सवर अखंड बसण्यासाठी त्याची परीक्षा झालेली नाही. मेन्सच्या दोन तारांमध्ये फक्त ‘एक्स२’ असं स्पष्ट छापलेला, २७५ किंवा ३०५ व्होल्ट एसीचा भाग चालतो. तार आणि जमीन यांच्यामध्ये असलेल्या भागाला ‘वाय’ वर्गच लागतो, कारण तो शॉर्ट झाला तर संगणकाच्या धातूच्या कवचातच मेन्स येते. हे भाग मिळवायला परदेशात मागणी नोंदवावी लागत नाही. एपकॉसचे, आता टीडीकेचे, फिल्म कपॅसिटर नाशिकमध्येच बनतात.

तेव्हा तुमच्या शाळेत, कॉलेजात किंवा घरच्या माळ्यावर १९८०च्या दशकातला संगणक असेल, तर ‘चालतो का बघू’ म्हणून त्याचा प्लग लावू नका. सप्लाय उघडता येणाऱ्या जाणत्या माणसाला आधी बोलवा. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशे व्होल्ट धरून असतो, म्हणून हे काम नवख्याने करू नये. त्याला सांगून ते पिवळे ठोकळे काढून घ्या. त्यांच्याशिवायही संगणक चालतो, फक्त शेजारच्या रेडिओत खरखर येईल. मग सवडीने एक्स२ लावा. त्याची किंमत शंभर रुपयांच्या आत आहे.